बाण सुटला, आता धनुष्य मोडून काय उपयोग? मॅजिकच्या ट्रिगरमधल्या या चुका टाळा

मॅजिक: द गॅदरिंग हा पत्त्यांचा खेळ खेळताना डाव अडतो तो बहुधा ट्रिगरवरून, म्हणजे ठरावीक घटना घडली की आपोआप सुरू होणाऱ्या परिणामावरून. ट्रिगर होणं, तो स्टॅकवर (घडायच्या परिणामांच्या चळतीत; वरचा आधी सुटतो) जाणं आणि रिझॉल्व्ह होणं (परिणाम प्रत्यक्ष घडणं) हे तीन वेगळे क्षण आहेत. आपण ते एकच धरतो आणि मग वाद घालतो.

आधी ट्रिगर ओळखा. कार्डावरचं वाक्य 'व्हेन', 'व्हेनेव्हर' किंवा 'अ‍ॅट'ने सुरू झालं, तर ती ट्रिगर्ड अ‍ॅबिलिटी. आधी किंमत, मग कोलन, मग परिणाम असं लिहिलेलं असेल तर ती किंमत मोजून आपण होऊन वापरायची, म्हणजे अ‍ॅक्टिव्हेटेड.

हमखास होणारी चूक म्हणजे, 'थांब, ट्रिगर झालाय ना? मग मी ते क्रीचरच (ट्रिगरवालं प्राण्याचं कार्ड) मारतो.' मारा खुशाल. एकदा ट्रिगर झाला की त्याचा कार्डाशी संबंध तुटतो. कार्ड ग्रेव्हयार्डमध्ये (बाद कार्डांच्या ढिगात) गेलं तरी तो रिझॉल्व्ह होतोच. 'व्हेन यू कास्ट' लिहिलेल्या ट्रिगरचंही तसंच: स्पेल (खेळलेलं, पण अजून रिझॉल्व्ह न झालेलं कार्ड) काउंटर, म्हणजे रद्द केलात तरी तो स्टॅकवर शाबूत राहतो, शिवाय स्पेलच्या आधी रिझॉल्व्ह होतो.

ही घाई कुठे अंगाशी येते हे ऑब्लिव्हियन रिंग नावाच्या कार्डावरून दिसतं. तिच्यावर दोन सुटे ट्रिगर आहेत. ती आली की दुसरं एखादं परमनंट (टेबलावर टिकून राहणारं कार्ड) एक्झाइल, म्हणजे खेळाबाहेर होतं, ती गेली की ते परत येतं. आता पहिला ट्रिगर स्टॅकवर असतानाच तुम्ही समोरच्याची रिंग फोडलीत, तर दुसरा ट्रिगर त्याच्या वर जाऊन बसतो. वरचा आधी रिझॉल्व्ह होणार, पण परत आणायला अजून काहीच गेलेलं नाही. मग खालचा रिझॉल्व्ह होतो आणि तुमचं कार्ड कायमचं जातं! जरा दम धरला असता, पहिला ट्रिगर रिझॉल्व्ह झाल्यावर रिंग फोडली असती, तर ते परत मिळालं असतं. बॅनिशर प्रीस्ट या क्रीचरवर मात्र 'अनटिल' आहे, म्हणजे प्रीस्ट टेबलावरून जाईपर्यंतच एक्झाइल. तिथे रिस्पॉन्समध्ये (ट्रिगर रिझॉल्व्ह व्हायच्या आत) प्रीस्ट मारला तर कार्ड एक्झाइल होतच नाही. दिसायला दोन्ही कार्डं सारखीच, म्हणून तर फसायला होतं.

दोघांचे ट्रिगर एकदम झाले तर? ज्याची टर्न, त्याचे आधी स्टॅकवर जातात, म्हणजे रिझॉल्व्ह मागून होतात. स्वतःच्या ट्रिगरचा क्रम ज्याने त्याने ठरवायचा.

ब्लड आर्टिस्ट हे क्रीचर स्वतः किंवा दुसरं कुठलंही क्रीचर मेलं की ट्रिगर होतं. सगळे क्रीचर मारणाऱ्या रॅथ ऑफ गॉडने ब्लड आर्टिस्टसकट पाच क्रीचर मेले, तर ब्लड आर्टिस्टचे ट्रिगर पाच. 'तोही मेला, मग मोजणार कोण?' असं विचारू नका. सगळे एकाच क्षणी मरतात आणि त्या क्षणाआधी तो टेबलावर होता.

ट्रिगरच्या अटीला लागूनच 'इफ' आलं तर ते दोनदा तपासायचं. फेलिडार सॉव्हरिन हे क्रीचर तुमच्या अपकीपच्या (टर्नच्या सुरुवातीचा, पान ओढण्याआधीचा टप्पा) सुरुवातीला तुमची लाइफ 40 किंवा जास्त असेल तर डाव जिंकून देतं. तेव्हा 39 असेल तर ट्रिगर होतच नाही, नंतर अपकीपमध्येच लाइफ वाढवूनही भागत नाही. 40 असताना ट्रिगर झाला, पण रिस्पॉन्समध्ये समोरच्याने 39 वर आणलं, तरी हातचा विजय गेला.

आणि स्वतःचे ट्रिगर विसरू नका. टूर्नामेंटमध्ये समोरच्यावर आठवण करून देण्याचं बंधन नसतं. अपकीपचा ट्रिगर असेल तर मी डेकवर एक फासा ठेवतो. तो उचलल्याशिवाय पान ओढताच येत नाही.