सॅस घ्यावे की पोस्टसीएसएस?

तारकर्लीच्या होमस्टेची किंवा देवगडच्या हापूस बागायतदाराची वेबसाइट करायला घेतली की स्टाइलशीटसाठी, म्हणजे पानाचे रंग, अक्षरे आणि मांडणी ठरवणाऱ्या सीएसएस फाइलसाठी, कोणते साधन वापरावे, हा प्रश्न पहिल्याच दिवशी समोर येतो. आपली अडचण सीएसएस लिहिताना होते की लिहून झाल्यावर, हे आधी पाहावे.

सॅस (२००६) आणि लेस (२००९) हे प्रीप्रोसेसर आहेत. त्यांची स्वतःची भाषा ब्राउझरला कळत नसल्यामुळे तिचे आधी सीएसएसमध्ये रूपांतर करावे लागते. पोस्टसीएसएस (२०१३) मुख्यतः तयार सीएसएस वाचते आणि जोडलेल्या प्लगइननुसार (छोट्या पूरक प्रोग्रॅमनुसार) ते बदलते. प्लगइनच नसेल तर ते काहीच बदलत नाही.

पूर्वी केवळ व्हेरिएबल (नाव देऊन साठवलेले मूल्य) आणि नेस्टिंग (एका नियमाच्या आत दुसरा नियम लिहिणे) यांसाठी सॅस घेतले जाई. आज ते कारण पुरेसे नाही, कारण कस्टम प्रॉपर्टी, म्हणजे सीएसएसची स्वतःची व्हेरिएबल, ब्राउझरमध्येच चालतात आणि २०२३ पासून नेस्टिंगही प्रमुख ब्राउझरांत आले आहे. शिवाय सॅसचे व्हेरिएबल रूपांतरानंतर उरत नाही, तर कस्टम प्रॉपर्टीचे मूल्य पान उघडे असतानाही बदलता येते. म्हणून पाहुण्याने बटण दाबताच पान गडद व्हायला हवे असेल, तर तिथे सॅसच्या व्हेरिएबलचा उपयोग नाही. उलट, मीडिया क्वेरीच्या (स्क्रीनच्या रुंदीसारखी अट पाहून लागू होणाऱ्या नियमाच्या) अटीत कस्टम प्रॉपर्टी चालत नाही, सॅसचे व्हेरिएबल चालते. लूप लावून वीस-पंचवीस क्लास तयार करायचे असतील किंवा बूटस्ट्रॅप ५ या तयार सीएसएस संचाचा मूळ कोड आपल्या मापाने बदलायचा असेल, तर सॅसच घ्यावे.

चार-पाच पानांच्या साइटला मात्र माझ्या मते साधे सीएसएस आणि पोस्टसीएसएस पुरते. ग्राहकांचे फोन किती जुने आहेत ते पाहून ब्राउझरलिस्टमध्ये (कोणते ब्राउझर सांभाळायचे त्या यादीत) मर्यादा लिहावी. ऑटोप्रिफिक्सर हा प्लगइन त्यानुसार जुन्या ब्राउझरांना लागणारे प्रिफिक्स (गुणधर्माच्या नावापुढची अक्षरे) जोडतो आणि सीएसएसनॅनो फाइल आटोपशीर करतो.

सॅस घेतलेच, तर त्याची जुनी आवृत्ती नोड-सॅस टाळून डार्ट सॅस घ्यावे आणि दुसरी फाइल जोडताना इम्पोर्टऐवजी यूज लिहावे. मृग लागला की आमच्याकडे वीज आणि नेट दोन्ही बेभरवशाचे होतात, त्यामुळे सर्व पॅकेजेस त्याआधीच उतरवून ठेवलेली बरी. दोन्ही साधने एकत्र वापरताना सॅस आधी आणि पोस्टसीएसएस नंतर चालवावे, आणि तयार झालेली सीएसएस फाइल एकदा उघडून स्वतः वाचावी. चार-पाच पातळ्या खोल गेलेले नेस्टिंग किती लांबलचक सिलेक्टर (नियम कोणत्या घटकाला लागू ते सांगणारा भाग) तयार करते, ते तिथेच दिसते.