सांडपाण्याच्या नाल्याने नदीतल्या किड्यांचं काय केलं, हे कसं मोजाल?

पाण्याची बाटली भरून तपासली तर त्या घटकेचं पाणी कळतं. रात्री सोडलेलं सांडपाणी सकाळपर्यंत वाहून गेलेलं असतं. तळाच्या दगडांना चिकटलेले किडे मात्र तिथेच राहून ते सोसतात. म्हणून मोजायचे ते किडे.

आधी जागा निवडा. नाल्याच्या वरच्या आणि खालच्या बाजूला खोली, दगड, पाण्याचा वेग शक्यतो सारखाच हवा. पुण्यात खडकवासला धरणाच्या वरच्या भागाची शहरातल्या मुठेशी तुलना केलीत, तर फरक सांडपाण्याचा की धरणाने अडवलेल्या पाण्याचा, हे कुणीच सांगू शकणार नाही.

मग नमुने. सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. एकाच खळाळात (उथळ, वेगाने वाहणाऱ्या पाण्यात) पाच वेळा जाळी टाकली म्हणजे पाच नमुने झाले, असं नाही; एकाच घरातल्या पाच जणांना विचारून गावाचं मत सांगण्यासारखं आहे ते. परिसंस्थाशास्त्रज्ञ हर्लबर्ट यांनी 1984 मध्ये या चुकीवर बोट ठेवलं, तरी ती अजून होतेच. वरच्या बाजूचे पाच वेगळे खळाळ, खालचे पाच, एवढं तरी घ्या. पूर ओसरून पाणी स्थिरावलं की हिवाळ्यात जा. गमबूट, हातमोजे हवेतच. प्रत्येक ठिकाणी तीन मिनिटं पायाने तळ ढवळायचा, जाळी प्रवाहाच्या खालच्या अंगाला धरायची, पकड पांढऱ्या ट्रेमध्ये ओतून कुळानुसार मोजायची.

समजा, वर मिळाले मेफ्लाय (प्रदूषण न सोसणारे किडे) 30, चतुराची पिल्लं 10, गोगलगायी 20, तांबड्या कायरोनॉमिड अळ्या (घाण पाण्यातही तगणाऱ्या) 10. खाली त्याच क्रमाने 2, 0, 8, 60. दोन्हीकडे एकूण 70च! फरकांची बेरीज 28+10+12+50, म्हणजे 100. तिला दोन्हीकडच्या एकूण 140 ने भागा. 0.71. हा ब्रे-कर्टिस फरक: 0 म्हणजे तंतोतंत सारखं, 1 म्हणजे एकही कूळ सामाईक नाही. आकड्यांची वर्गमुळं घेऊन हेच केलं तर 0.48 येतं, कारण 60 अळ्यांचा वरचष्मा कमी होतो. कोणती पद्धत वापरणार ते आधीच ठरवा. निकाल पाहून नव्हे. विविधता मोजणाऱ्या शॅनन निर्देशांकावर माझा फारसा भरवसा नाही: मेफ्लायच्या जागी तेवढ्याच अळ्या आल्या तरी तो जागचा हलत नाही.

फरक योगायोगाचा नाही ना? नमुन्यांवरच्या 'वर' आणि 'खाली' या चिठ्ठ्या पिसून पुन्हा वाटा आणि दर वेळी दोन गटांमधला फरक काढा. खरा फरक या सगळ्यांत किती वेळा गाठला जातो, ते पाहा. तीन-तीन नमुन्यांच्या वेगळ्या वाटण्या 10च होतात, त्यामुळे हे प्रमाण, म्हणजे पी-मूल्य, 0.1 च्या खाली उतरूच शकत नाही. पाच-पाच घेतले तर 126 होतात. 'आर' या मोफत संगणक प्रणालीतलं 'व्हेगन' पॅकेज हे काम चुटकीसरशी करतं.

एवढ्यानेही वर-खाली फरक आहे एवढंच कळतं. तो नाल्यानेच झाला, हे नाही. नाल्यावर शुद्धीकरण केंद्र येणार असेल तर ते सुरू व्हायच्या आत, जमल्यास दोन हिवाळे, दोन्ही बाजू मोजून ठेवा. नंतर पुन्हा मोजा आणि वर-खालचा फरक किती घटला ते बघा.