पद्मिनीच्या सीटा सगळ्यात शेवटी

बाबांची 1984 ची प्रीमियर पद्मिनी मी गेल्या उन्हाळ्यात आतून घरीच नवी केली. कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली, गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर, त्यामुळे पुढची सीट बाकासारखी सलग. अशी गाडी हाती आली की बहुतेकजण आधी सीट कव्हर शिवायला टाकतात. माझं कळकळीचं सांगणं आहे, आधी खालचा पत्रा बघा.

काम एप्रिल-मेमध्येच काढा. बॅटरीची वायर सोडा. सीटच्या नटांवर आदल्या रात्री तेल सोडा आणि सीट उचलायला कुणाला तरी हाताशी घ्या, ती जड असते.

मॅट उचलल्यावर माझ्या गाडीत खालचा नमदा, म्हणजे लोकरीसारखा जाड थर, ओला निघाला. ड्रायव्हरच्या पायाशी स्क्रूड्रायव्हर टेकवला तर तो पत्र्यातून आरपार गेला. तेवढा तुकडा कापून नवा पत्रा वेल्ड करून घेतला. उरलेला गंज वायर ब्रशने घासून रेड ऑक्साइडचे दोन हात दिले. पण पाणी येतं कुठून, हे सापडल्याशिवाय पुढे जाऊ नका. मी टॉर्च घेऊन आत बसलो, बायकोने काचेवर नळी धरली. चार-पाच मिनिटांनी समोरच्या काचेच्या रबराच्या कोपऱ्यातून बारीक धार उतरताना दिसली. रबर बदललं. दारांच्या तळाची भोकंही तारेने मोकळी करा, ती मातीने बुजतात.

दारांचे पॅनल फुगले असतील तर जुना ठेवून आखा आणि 3 मिमी हार्डबोर्ड कापा. कडांना वॉर्निश लावा, मागे प्लॅस्टिक चिकटवा.

आता सीट. जुनं कव्हर फाडू नका. तुकड्यांवर खडूने आकडे घाला, मग शिवण उसवा. तेच तुमचे माप. स्प्रिंगांवर गोणपाट, त्यावर काथ्या, वर एक इंच फोम. काथ्या टाकून नुसता फोम भरायचा सल्ला मिळेल, पण मग त्या सीटची मूळची घट्ट बैठक जाते. रेक्झिन अर्धा तास उन्हात पसरा. कव्हर चढवताना आधी मधोमध ताणून कव्हर फ्रेमला धरणाऱ्या तारेच्या कड्या दाबा, मग दोन्ही बाजूंना सरका, कोपरे शेवटी. कोपऱ्याची चुणी फ्रेमच्या खाली वळवली की वरून दिसत नाही.