मोठी कंपनी की स्टार्टअप? सही करण्याआधी या चुका टाळा

पुसद, शेगाव, बडनेरा, सेवाग्राम. इथल्या कॉलेजांतून इंजिनिअर होणाऱ्या कास्तकारांच्या पोरांच्या घरी पैसा येतो तो कापूस-सोयाबीन विकल्यावर. म्हणून कंपनीच्या नावाआधी दोन गोष्टी बघा: पगार हातात किती पडणार आणि कधीपासून.

सगळ्यात जास्त फसगत पॅकेजच्या आकड्यात होते. ६ लाख म्हणजे महिन्याला ५० हजार, असं पोरं घरी सांगून मोकळी होतात. समजा बेसिक, म्हणजे मूळ पगार, महिन्याला २५ हजार आहे. मग वर्षाच्या त्या ६ लाखांत व्हेरिएबल (कामगिरी बघून मिळणारा, पक्का नसलेला भाग) ६० हजार, कंपनीच्या वाट्याचा पीएफ २१,६००, ग्रॅच्युइटी (नोकरी सोडताना मिळणारी रक्कम) साधारण १४,४०० आणि विमा १० हजार, असं धरलेलं असू शकतं. वरून तुमचा पीएफ आणि व्यावसायिक कर कापला की हाती उरतात ३९ हजारांच्या आसपास. काही स्टार्टअप याच आकड्यात ईसॉप घालतात. ईसॉप म्हणजे ठरलेल्या भावाने शेअर घेण्याचा हक्क. त्याचा पहिला हिस्सा सहसा वर्षभराने मिळतो, आणि ते शेअर घ्यायला कुणी गिऱ्हाईक मिळेपर्यंत पैसा दिसत नाही. हिशेबात ईसॉप शून्य धरा. पुण्याचं खोलीभाडं त्यातून निघणार नाही.

ऑफर लेटर आलं म्हणजे नोकरी लागली, असंही समजू नका. २०२२ च्या बॅचमधल्या कित्येकांना मोठ्या कंपनीचं पत्र हातात असून रुजू व्हायला दोन वर्षांपर्यंत वाट बघावी लागली. शैक्षणिक कर्जाचा हप्ता मात्र सहसा कोर्स संपल्यावर वर्षभराने सुरू होतोच. जॉइनिंगची तारीख ईमेलवर मागा. ‘कळवण्यात येईल’ असं उत्तर आलं, तर हातातली स्टार्टअपची ऑफर सोडू नका. आणि हप्ता थकण्याआधीच बँकेत जाऊन मॅनेजरशी बोला.

स्टार्टअपची चौकशी एमसीए, म्हणजे केंद्राच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या, पोर्टलवर होते. कंपनी कधी नोंदली, शेवटचा ताळेबंद कोणत्या वर्षाचा, हे तिथे कळतं. फाउंडरला सरळ विचारा, पगारापुरता पैसा किती महिने आहे? जो या प्रश्नावर चिडतो, त्याच्याकडे जाऊ नका. मूळ मार्कशीट तर कुणाकडेच जमा करू नका.

माझं स्पष्ट मत: घरात कर्ज असेल आणि दुसरा कमावता नसेल, तर तारीख पक्की असलेली मोठी कंपनी घ्या. चार-सहा महिने घरून निभावणार असेल आणि तुमचा कोड रोज तपासणारा अनुभवी सिनियर तिथे असेल, तर स्टार्टअप बिनधास्त घ्या. असा सिनियर नसेल तर नको.

रुजू झाल्यावर दोन-तीन महिन्यांत ईपीएफओचं, म्हणजे पीएफ सांभाळणाऱ्या सरकारी संस्थेचं, ऑनलाइन पासबुक उघडून बघा. पगारातून पीएफ कापला पण तिथे जमा नाही, असं दिसलं तर एचआरला ईमेलनेच विचारा. दाद लागली नाही, तर ईपीएफओच्या तक्रार पोर्टलवर पगाराची स्लिप जोडून तक्रार करा.