रिचार्ज मारण्याआधी रात्री बाराला किती डेटा उरतो ते बघा

डिचोलीत बसस्टँडच्या वाटेवर माझं झेरॉक्स, स्टेशनरी आणि रिचार्जचं छोटं दुकान आहे. गिऱ्हाईक नोट पुढे करून म्हणतं, "माई, सवाय आसा तें मार," म्हणजे स्वस्त असेल तो पॅक मार. मी उलट विचारते, "फोन कोणाचा?" हे कळल्याशिवाय स्वस्त काय ते मला सांगता येत नाही. तीनशेचा पॅक कॉलेजच्या पोरीला स्वस्त पडतो आणि तिच्या आजीला महाग पडतो. म्हणून पहिली गोष्ट, घरातल्या सगळ्या नंबरांवर एकच पॅक मारायची सवय सोडा. प्रत्येक नंबरचा हिशेब वेगळा मांडा.

अनलिमिटेड पॅकमध्ये तीन गोष्टी येतात. कोणत्याही कंपनीच्या नंबरवर हवं तेवढं बोलणं, दिवसाला शंभर एसएमएस आणि डेटाचं रोजचं माप: दीड जीबी, दोन जीबी किंवा अडीच. बोलण्याला मर्यादा नाही, डेटाला आहे. रोजचं माप संपलं की वेग ६४ केबीपीएसवर येतो. व्हॉट्सॲपचा साधा मेसेज कसाबसा जातो, फोटो फिरत राहतो. आणि जे उरतं ते रात्री बाराला जातं. व्होडाफोन आयडियाच्या काही पॅकमध्ये आठवड्याचा उरलेला डेटा शनिवार-रविवारी वापरता येतो, पण बहुतेकांच्या पॅकमध्ये ती सोय नसते. तुम्ही भरता त्यातले जवळजवळ निम्मे पैसे या मापाचे. उरलेले बोलण्याचे, हे पुढे फक्त बोलण्याच्या पॅकच्या आकड्यांवरून दिसेल.

आता भागाकार. पॅकच्या किमतीला दिवसांनी भागायचं, बस. जुलै २०२४ च्या दरवाढीनंतर जिओचा २८ दिवसांचा रोज दीड जीबीचा पॅक २३९ वरून २९९ रुपयांवर गेला, म्हणजे दिवसाला १० रुपये ६८ पैसे. तेवढाच डेटा ८४ दिवसांसाठी घेतला तर ७९९, म्हणजे साडेनऊ रुपये. रोज दोन जीबीचा २८ दिवसांचा पॅक ३४९ ला, म्हणजे साडेबाराच्या जवळ. वर्षाचा अडीच जीबीचा पॅक ३५९९ ला, म्हणजे दिवसाला दहालाही थोडा कमी. महिन्या-महिन्याने दीड जीबी घेणारा वर्षभर अडीच जीबी घेणाऱ्यापेक्षा जास्त पैसे देतो. हे आकडे त्या वेळचे आहेत. तुम्ही वाचाल तेव्हा फलकावर दुसरे असतील, भागाकार तोच करायचा.

२८ दिवसांची गंमत बऱ्याच जणांच्या ध्यानात येत नाही. २८ गुणिले १३ म्हणजे ३६४. वर्षात बारा रिचार्ज होतात असं वाटतं, होतात तेरा. २९९ च्या हिशेबाने ते ३८८७ रुपये झाले. पगारदाराला आणि पेन्शनवाल्याला याचा खरा त्रास, कारण रिचार्जची तारीख दर महिन्याला मागे सरकते आणि पगाराच्या आधीच येऊन उभी राहते. ट्रायने, म्हणजे फोन कंपन्यांवर नियम ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, २०२२ च्या जानेवारीत आदेश काढून प्रत्येक कंपनीला निदान एक ३० दिवसांचा आणि एक दर महिन्याला त्याच तारखेला येणारा पॅक ठेवायला लावलं. हे पॅक आहेत, पण दुकानदार ते आपणहून दाखवत नाही, ॲपमध्येही ते खालीच असतात. तारीख महत्त्वाची असेल तर नाव घेऊन मागा.

मोठ्या मुदतीच्या पॅकला आणखी एक फायदा आहे. २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आलं, फुकट नेटची सवय लागली, आणि मग डिसेंबर २०१९, २०२१ ची अखेर, जुलै २०२४ अशी दरवाढ होत गेली. दरवाढीची बातमी आणि अंमल यांत चार-सहा दिवस असतात. त्या दिवसांत ज्यांनी वर्षाचा रिचार्ज मारला त्यांना तो संपेपर्यंत जुना दर मिळाला. माझ्या दुकानात तेव्हा गणेश चवथीच्या बाजाराला असते तशी गर्दी होती.

पण वर्षाचा पॅक सगळ्यांनाच सांगू नये. घरात रेंज कोणाची चांगली येते ते आधी पक्कं नसेल तर साडेतीन हजार गुंतवून बसू नका. मधेच कंपनी बदलली तर उरलेले दिवस बुडतात.

भागाकार झाला की माप ठरवा. फोनच्या सेटिंगमध्ये डेटा वापर नावाचं पान असतं, तिथे महिन्याचा आकडा दिसतो. त्याला तीसने भागा. कंपनीच्या ॲपमध्ये तर रोजचा आकडा असतो. दोन-तीन आठवडे रात्री झोपण्यापूर्वी बघा: दीड जीबीतलं किती उरलं? माझ्याकडे येणाऱ्या बऱ्याच बायकांचा रोज एक जीबी तसाच उरतो, कारण संध्याकाळी घरी आल्यावर फोन वायफायवर असतो. पोरांचा मात्र दुपारीच संपतो. अंदाजासाठी सांगते: व्हॉट्सॲपवर नुसतं बोललं तर मिनिटाला एक एमबीही लागत नाही, व्हिडिओ कॉलला मिनिटाला पाचेक एमबी जातात. यूट्यूब ४८० वर ठेवलं तर तासाला अर्धा जीबी धरा, १०८० वर ठेवलं तर दीड जीबीचं माप एका तासात साफ.

म्हणून मोठा पॅक घेण्याआधी फोन आवरा. व्हॉट्सॲपमध्ये फोटो-व्हिडिओ आपोआप उतरणं बंद करा, यूट्यूबला डेटा सेव्हर लावा, ॲप अपडेट आणि फोटोंचा बॅकअप फक्त वायफायवर ठेवा. वाड्यावरच्या ग्रुपात सकाळी सकाळी सुप्रभातचे व्हिडिओ पाठवणारे काका प्रत्येक ग्रुपात आहेत. त्यांना कोणी थांबवू शकत नाही, निदान ते आपल्या फोनात उतरू नयेत.

आता माणसं. घरातली म्हातारी माणसं, ज्यांना फोन फक्त बोलायला हवा, त्यांच्यावर वर्षानुवर्षे डेटाचा बोजा होता. ट्रायने २०२४ च्या डिसेंबरात नियम बदलून फक्त बोलणं आणि एसएमएसचा वेगळा पॅक ठेवायला लावला, आणि अशा पॅकची मुदत ९० दिवसांवरून ३६५ दिवसांपर्यंत नेली. जानेवारी २०२५ मध्ये ते बाजारात आले: जिओचा ८४ दिवसांचा ४४८ ला, एअरटेलचा ४६९ ला, एअरटेलचा वर्षाचा १८४९ ला. दिवसाला पाच-साडेपाच रुपये. २९९ च्या निम्मे. घरात वायफाय असेल तर माझ्या मते साठीपुढच्या माणसाला यापेक्षा चांगला पॅक नाही. नातवाचा व्हिडिओ कॉल वायफायवर येतो, बाजारात गेल्यावर साधा फोन लागतो. मारताना एवढंच बघा की यात नेट अजिबात नाही. देवळात उभं राहून यूपीआयने पैसे द्यायची सवय असेल तर थोडा डेटा असलेला पॅक लागेल.

जहाजावर किंवा आखातात कामाला जाणाऱ्यांचा प्रश्न निराळा. सहा-आठ महिने नंबर इथे पडून राहतो, पण बँकेचा ओटीपी त्याच नंबरवर येतो. पॅक संपला की आधी जाणारे कॉल बंद, मग काही दिवसांनी येणारेही. नव्वद दिवस काहीच वापर नसेल तर नंबर बंद होऊ शकतो. ट्रायच्या नियमाप्रमाणे प्रीपेड खात्यात २० रुपये शिल्लक असतील तर ते कापून नंबर तीस दिवस पुढे चालू ठेवतात. तेव्हा जाताना बोलण्याचा वर्षाचा पॅक मारा, वर शंभरेक रुपये बॅलन्स ठेवा, आणि इंटरनॅशनल रोमिंग चालू आहे ना ते निघण्यापूर्वी तपासा. परदेशातून ते चालू करायला पुन्हा ओटीपीच मागतात.

कळंगुट-बागाच्या बाजूला टॅक्सी किंवा भाड्याच्या गाड्या चालवणाऱ्या पोरांनी वर्षाचा मोठा पॅक घेऊ नये असं मला वाटतं. नोव्हेंबर ते मार्च नकाशा, बुकिंग, गिऱ्हाइकाचे फोटो, सगळं धावतं. पाऊस लागला की तोच फोन खिशात झोपतो. सीझनला दोन जीबीचा ८४ दिवसांचा, पावसात हलका. एखाद्या दिवशी नेट कमी पडलं तर एका जीबीचं वरचं पाकीट वीस-बावीस रुपयांत मिळतं, फक्त त्याची मुदत बघा, बरीचशी पाकिटं एकाच दिवसाची असतात. महिन्यात चार-पाच वेळा पाकीट घ्यावं लागत असेल तर मोठा पॅक परवडतो.

फाइव्ह-जीचं नीट समजून घ्या, कारण इथेच जास्त पैसे वाया जातात. जिओ-एअरटेलवर अनलिमिटेड फाइव्ह-जी सर्रास मिळणं जुलै २०२४ पासून रोज दोन जीबी आणि त्यावरच्या पॅकपुरतं राहिलं. फोन फाइव्ह-जीचा हवा आणि तुम्ही उभे आहात तिथे फाइव्ह-जी हवं. तिन्ही जुळलं तरच वरचे पन्नास रुपये वसूल. पणजीत किंवा म्हापशात काम करणाऱ्याला दिवसभर ते मिळेल. सत्तरीतल्या आतल्या वाड्यावर, जिथे फोन खिडकीत ठेवला की दोन दांड्या येतात, तिथे तुम्ही दोन जीबीचे पैसे देऊन फोर-जीच चालवाल. स्क्रीनवर वर कोपऱ्यात काय लिहून येतं ते घरात, कामावर आणि वाटेत, तिन्हीकडे बघा.

रेंजचं गोव्यात असंच आहे. साखळीत चालणारा नंबर केरी ओलांडून चोर्ल्याच्या घाटात मुका होतो. मोलेच्या जंगलपट्ट्यात, काणकोणच्या आतल्या गावांत एखादीच कंपनी चालते. कंपन्यांच्या वेबसाइटवर कव्हरेजचा नकाशा असतो, पण माझा भरवसा शेजारणीच्या फोनवर. तिच्या हॉटस्पॉटवर आपल्या घराच्या मागच्या खोलीत पंधरा मिनिटं नेट चालवून बघा. वीज गेल्यावरही एकदा बघा, कारण पावसात वीज गेली आणि टॉवरची बॅटरी उतरली की पॅक कितीचाही असो, उपयोग नाही. हद्दीवर राहणाऱ्यांनी घाबरू नये: मुंबई सोडून उरलेला महाराष्ट्र आणि गोवा एकाच टेलिकॉम सर्कलमध्ये, म्हणजे फोन कंपन्यांच्या एकाच विभागात आहेत, आणि अनमोडचा घाट चढून कर्नाटकाचं नेटवर्क पकडलं तरी या पॅकमध्ये देशातल्या रोमिंगचे वेगळे पैसे पडत नाहीत.

कंपनी बदलायचं ठरलंच तर नंबर तोच राहतो. PORT हा शब्द इंग्रजी मोठ्या अक्षरांत लिहून जागा सोडून आपला नंबर टाका आणि १९०० ला एसएमएस करा. येणारा कोड चार दिवस चालतो, तेवढ्यात नव्या कंपनीच्या दुकानात आधार घेऊन जायचं. सध्याच्या कंपनीत नव्वद दिवस झालेले हवेत, पोस्टपेडचं बिल थकलेलं नसावं, आणि सिम नुकतंच बदललं असेल तर सात दिवस थांबावं लागतं. एकाच सर्कलमध्ये तीन कामाचे दिवस धरा. तो कोड फोनवर कोणी मागितला तर सांगू नका, कंपनीचा माणूस म्हणाला तरी. जुना पॅक संपायला दोन-तीन दिवस असतील तेव्हा अर्ज टाका, म्हणजे फार दिवस बुडणार नाहीत. आणि चवथीच्या आठवड्यात नकोच. मुंबईहून माणसं यायची असतात, प्रत्येकाचा फोन "कुठे पोचलात" म्हणून वाजत असतो, आणि सिम नेमकं तेव्हाच अर्धा दिवस बंद पडतं.