एआय चॅटशी पहिल्यांदाच बोलताय? या चुका टाळा

नवीन माणूस एआय चॅटकडे, म्हणजे विचारलं की उत्तर लिहून देणाऱ्या चॅटजीपीटी, जेमिनीसारख्या अ‍ॅपकडे, आला की साधारणपणे दोन गोष्टी उलट्या करतो. सांगायच्या वेळी हात आखडता घेतो आणि उत्तर आलं की ते राजपत्रात छापून आल्यासारखं मान्य करून टाकतो. खरं तर सांगताना पाल्हाळ लावला तरी बिघडत नाही. आखडता हात विश्वास ठेवताना हवा. सोसायटीतले ज्येष्ठ असोत, कॉलेजची पोरं असोत की दुकानदार, खालच्या बहुतेक चुका या दोन खोडींतूनच निघतात.

अ‍ॅप कुणाचं आहे, हे न बघणं

प्ले स्टोअरवर नुसतं ‘एआय चॅट’ शोधलं की एकसारख्या चिन्हांची रांग लागते. त्यातली बरीच अ‍ॅप तिसऱ्याच कुणाची असतात. तीन दिवस फुकट, मग आठवड्याला पैसे कापायला सुरुवात. अ‍ॅपच्या नावाखाली बारीक अक्षरात बनवणाऱ्याचं नाव असतं, ते वाचा. चॅटजीपीटीखाली ओपनएआय, जेमिनीखाली गूगल, क्लॉडखाली अँथ्रोपिक. व्हॉट्सअ‍ॅपमधला तो गोल म्हणजे मेटा एआय. शिकण्यापुरती फुकटची सोय भरपूर आहे, पहिल्याच दिवशी पैसे भरायची काही गरज नाही. ऑटोपे (दर वेळी आपोआप पैसे कापायची परवानगी) लागून गेलाच असेल तर अ‍ॅप काढून टाकल्याने तो थांबत नाही. प्ले स्टोअरच्या सबस्क्रिप्शनमध्ये जाऊन रद्द करा आणि यूपीआय अ‍ॅपमधल्या ऑटोपेच्या यादीतही एकदा डोकावून या.

तीन शब्दांत काम सांगणं

ही गूगलने लावलेली सवय. ‘पाणी तक्रार पत्र’ एवढं टाइप करून वाट बघत बसणारे कोथरूडपासून हडपसरपर्यंत सापडतील. सर्चमध्ये ते चालतं, कारण तिथे तयार पानं शोधायची असतात. इथे पान नव्याने लिहायचं असतं, आणि जे तुम्ही सांगितलं नाही ते हा गडी मनाने भरतो. मग येतं ते असं: ‘महोदय, मी आपल्या विभागातील एक जागरूक नागरिक...’ आणि खाली कंसात ‘आपले नाव’, ‘दिनांक’. हे पत्र नागपूरलाही देता येईल आणि नाशिकलाही. म्हणजे कुठलाच साहेब ते वाचणार नाही.

तेच काम असं सांगून बघा:

‘मी कर्वेनगरला ४८ फ्लॅटच्या सोसायटीचा सेक्रेटरी आहे. तीन आठवडे झाले, सकाळचं पाणी कमी दाबाने येतंय. खालची टाकी निम्मीही भरत नाही, दिवसाआड टँकर मागवावा लागतो. पुणे महापालिकेच्या पाणीपुरवठा विभागाला द्यायला अर्ज हवाय. तोंडी एकदा सांगून झालंय. सूर ठाम ठेव, पण भांडखोर नको. एका पानात बसव. मागण्या दोनच: दाब तपासायला माणूस पाठवा आणि कधी पाठवणार ते लेखी कळवा. माहिती कमी पडत असेल तर लिहायच्या आधी मला विचार.’

यातलं शेवटचं वाक्य सगळ्यात कामाचं. ते टाकलं की तो आपल्यालाच प्रश्न विचारू लागतो. नळजोडाचा क्रमांक काय, तोंडी तक्रार कोणत्या तारखेला केली, टँकरच्या पावत्या जोडणार का. एरवी या गोष्टी आपल्याला खिडकीसमोर उभं राहिल्यावर आठवतात.

मसुदा आला की पुढची गंमत. ‘काही खास नाही’ म्हणून लोक चॅट बंद करून टाकतात. काय खटकलं ते सांगा की! ‘सदर हा शब्द चारदा आलाय, तो काढ. दुसरा परिच्छेद निम्मा कर. टँकरचा खर्च आधी येऊ दे.’ दोन-तीन फेऱ्यांत अर्ज जागेवर येतो. पुणेकरांना चूक काढायची सवय आहेच, ती इथे मोकळेपणाने वापरावी. समोरचा रागावत नाही. त्याला अहो-जाहो करायचं की अरे-तुरे, हेही बरेच जण दबक्या आवाजात विचारतात. काहीही चालतं.

ठाम सुराला भुलणं

आषाढी वारीच्या दिवसांत, पालख्या पुण्यात मुक्कामाला असताना, सोसायटीचा कार्यक्रम ठरतो. सूत्रसंचालन करणारी ताई चॅटला सांगते, ‘शेजारधर्मावर तुकोबांचा एखादा अभंग दे.’ क्षणात अभंग हजर. चार चरण, यमक जुळलेलं, शब्द ओळखीचे आणि शेवटी ‘तुका म्हणे’. गाथा उघडून शोधलं तर असा अभंगच नसतो, किंवा एखादा खरा चरण घेऊन पुढचे तीन शिवलेले असतात. आणि पुण्यात समोरच्याच खुर्चीत गाथा तोंडपाठ असलेले आजोबा बसलेले असण्याची शक्यता फार दाट.

हे का होतं? या यंत्राने प्रचंड मजकूर वाचून एका शब्दापाठोपाठ दुसरा कोणता शोभेल, याचे अंदाज बांधायला शिकलेलं असतं. अभंगाचा साचा त्याला नेमका ठाऊक आहे, पण साच्यात बसणारी ओळ आणि गाथेत असलेली ओळ यांतला फरक त्याला दर वेळी कळेलच असं नाही. म्हणून खरी ओळ आणि रचलेली ओळ एकाच आत्मविश्वासाने येते. अभंग, श्लोक, सुभाषितं, कायद्याची कलमं, न्यायालयांचे निकाल, फोन नंबर, पुस्तकांचे पृष्ठक्रमांक, या सगळ्यांत हा धोका जास्त, कारण या गोष्टी जशाच्या तशा लागतात. अंदाजाने जवळपास पोचून उपयोग नसतो.

त्यावर लोकांचा उपाय म्हणजे त्यालाच विचारणं, ‘नक्की ना?’ हा उपाय बिनकामाचा आहे. न्यूयॉर्कमध्ये २०२३ साली दोन वकिलांनी चॅटजीपीटीने दिलेले निकाल न्यायालयात सादर केले. ते निकाल अस्तित्वातच नव्हते. त्यातल्या एकाने ‘हे खटले खरे आहेत ना’ असं चॅटजीपीटीलाच विचारलं होतं, आणि ‘हो’ असं उत्तरही मिळालं होतं. न्यायालयाने ५,००० डॉलर दंड लावला. याच्या उलटही होतं. बरोबर उत्तरावर तुम्ही भुवया उंचावल्या की तो कधी कधी माफी मागून चुकीचं उत्तर देऊन मोकळा होतो. तुमच्या नाराजीतून खऱ्या-खोट्याची परीक्षा होत नाही.

त्यापेक्षा मूळ मजकूर तुम्हीच द्या. सोसायटीचे उपविधी, पॉलिसीचा कागद, शाळेचं परिपत्रक, जे असेल ते चिकटवा आणि सांगा, ‘फक्त यातूनच उत्तर दे, कोणत्या मुद्द्यात आहे ते लिही, यात नसेल तर नाही म्हण.’ मूळ कागद हाताशी नसेल तर वेबवर शोधून दुव्यासकट उत्तर मागा आणि तो दुवा स्वतः उघडा. दुवा आहे म्हणजे तिथे तेच लिहिलंय, असं धरून चालू नका.

गाव न सांगणं

ही चूक पैशात पडते. भाड्याने फ्लॅट देणारे काका विचारतात, ‘अकरा महिन्यांचा भाडेकरार नोंदवावा लागतो का?’ उत्तर बऱ्याचदा येतं की नाही, वर्षाच्या आतल्या कराराला नोंदणी सक्तीची नाही. देशभरासाठीच्या सर्वसाधारण नियमाचा हा सूर आहे. महाराष्ट्रात मात्र महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे भाडेकरार आणि लीव्ह अँड लायसन्स लेखी असावा लागतो आणि नोंदवावाच लागतो, मग तो अकरा महिन्यांचा का असेना. नोंदणीची जबाबदारीही घरमालकावर. वाद झालाच आणि करार नोंदलेला नसेल तर अटींबद्दल भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं, उलट सिद्ध होईपर्यंत. काकांनी प्रश्नात ‘पुणे, महाराष्ट्र’ एवढे दोन शब्द घातले असते तर नेमक्या उत्तराची आशा तरी होती. ते उत्तरही वकिलाला नाहीतर नोंदणी करून देणाऱ्या एजंटाला दाखवूनच पुढे जावं.

वेळेचंही तसंच. या यंत्राचं वाचन एका तारखेला थांबलेलं असतं. जिल्हा न्यायालय ते स्वारगेट हा भुयारी मेट्रोचा टप्पा २९ सप्टेंबर २०२४ ला सुरू झाला. ज्याचं वाचन त्याआधी संपलं, तो वेबवर न शोधता उत्तर देईल तेव्हा तुम्हाला मंडईतून रिक्षा करायला सांगेल. पीएमपी बसची वेळ, विसर्जनाच्या दिवशी बंद असणारे रस्ते, आजचा सोन्याचा भाव, धरणातला साठा, असलं काही विचारताना ‘आजच्या तारखेनुसार वेबवर शोधून सांग’ हे जोडा.

मराठीत अडतं ते कुठे

इंग्रजी अक्षरांत मराठी टाइप केलं की उत्तर हिंदीत येतं, ही तक्रार सर्रास ऐकू येते. ‘मला माहिती पाहिजे’ हे रोमन लिपीत लिहिलेलं त्याला कधी कधी हिंदीच वाटतं. देवनागरीत लिहा. टाइप करायचा कंटाळा असेल तर जीबोर्डमध्ये (गूगलच्या कीबोर्ड अ‍ॅपमध्ये) मराठी भाषा जोडा, माइक दाबा आणि बोला. आणि पहिल्याच संदेशात सांगून टाका: ‘उत्तर साध्या बोली मराठीत दे, हिंदी शब्द नकोत.’ नाहीतर ‘आपण निम्नलिखित चरणांचे अनुसरण करू शकता’ असली वाक्यं वाचत बसावं लागेल.

दुसरी अडचण खास आपल्याकडची. अप्पा बळवंत चौकाच्या आसपासच्या डीटीपीवाल्याकडून आलेली फाइल, सोसायटीचे जुने ठराव, जुनी परिपत्रकं यांतला मजकूर पुष्कळदा श्रीलिपीसारख्या युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये असतो. युनिकोड म्हणजे आज फोन-कॉम्प्युटर सगळीकडे सारखी वाचली जाणारी अक्षरांची पद्धत. पडद्यावर छान मराठी दिसतं, पण कॉपी करून चॅटमध्ये चिकटवलं की इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा काला होतो. वाईट म्हणजे, ‘मला वाचता येत नाही’ असं म्हणण्याऐवजी चॅट कधी कधी शीर्षकावरून अंदाज बांधून सारांश देऊनही टाकतं. अशा वेळी पानाचा स्वच्छ फोटो किंवा स्क्रीनशॉट द्या आणि काम सांगण्याआधी विचारा, ‘पहिल्या तीन ओळी जशाच्या तशा लिहून दाखव.’ त्या जुळल्या तर पुढे जा. पीडीएफ मोठी असेल तर फॉन्ट युनिकोडमध्ये बदलून घेतलेला बरा.

एकाच चॅटमध्ये सगळा संसार

सकाळी पाण्याचा अर्ज, दुपारी नातवाचं गणित, रात्री उकडीच्या मोदकांची उकड का चिरते, आणि सगळं एकाच धाग्यात. मग मोदकांच्या उत्तरात अर्जाचा सूर उतरतो. चॅटला एका वेळी ठरावीक मजकूरच डोळ्यांसमोर ठेवता येतो. तो मजकूर छोटे छोटे तुकडे करून वाचतो, आणि देवनागरीचे इंग्रजीपेक्षा जास्त तुकडे पडतात, त्यामुळे मराठीत ती जागा लवकर भरते आणि सुरुवातीला सांगितलेल्या अटी विसरल्यासारख्या होतात. विषय बदलला की नवं चॅट उघडा. लांबलेलं काम पुढे न्यायचं असेल तर ‘आतापर्यंत ठरलेलं दहा ओळींत लिहून दे’ म्हणा आणि त्या दहा ओळी नव्या चॅटमध्ये चिकटवा.

हिशोबाचं थोडक्यात: मेंटेनन्सची बेरीज त्याने केली असेल तर कॅल्क्युलेटरवर पडताळा. ‘दोनशे शब्दांत लिही’ म्हटल्यावर नेमके दोनशे येतील, हीही अपेक्षा नको.

नको ते देऊन बसणं

आधार, पॅन, बँकेचं स्टेटमेंट, ओटीपी, पासवर्ड यातलं काहीही चॅटमध्ये टाकायचं नाही. अर्जात आधार क्रमांक लागणार असेल तर तिथे रिकामी जागा ठेवायला सांगा आणि छापल्यावर पेनाने भरा. दुसऱ्याचं नाव, फ्लॅट क्रमांक आणि त्याची थकबाकी एका ओळीत लिहून ‘कडक नोटीस दे’ म्हणणारे सेक्रेटरीही आहेत. ‘एक सभासद’ एवढ्याने काम भागतं.

रक्ताचा रिपोर्ट समजून घ्यायला काहीच हरकत नाही, पण फोटो काढताना नाव-पत्त्याची पट्टी झाकून घ्या. विचारायचं ते असं: ‘यातले कोणते आकडे मर्यादेबाहेर आहेत आणि डॉक्टरांना मी कोणते प्रश्न विचारू?’ गोळी बंद करू का, डोस कमी करू का, हे त्याला विचारायचं नाही. तुमचं बोलणं पुढच्या प्रशिक्षणासाठी वापरलं जाऊ नये असं वाटत असेल तर चॅटजीपीटीच्या सेटिंग्जमध्ये डेटा कंट्रोल्स उघडून ते बटण बंद करा. इतरांतही प्रायव्हसीच्या पानावर तशी सोय शोधा. जुनं एखादं चॅट पुसायचं असेल तर यादीत त्याच्या नावावर बोट दाबून धरा, डिलीटचा पर्याय येतो.