दिव्यांग लोकांसोबत बसून ॲप कसं बनवायचं (गावात, खरोखर सोबत बसून)

ॲप पूर्ण बनवायचं आणि शेवटच्या आठवड्यात दोन अंध पोरांना बोलावून फोटो काढायचे, याला सोबत बनवणं म्हणत नाहीत. तोपर्यंत बदल करायला ना वेळ उरतो ना बजेट. स्क्रीनचं पहिलं चित्र कागदावर काढायच्या आधी ही माणसं खोलीत पाहिजेत.

माणसं शोधणं सोपं आहे, आशाताईला आणि अंगणवाडीताईला विचारा, झालं. फक्त "दिव्यांग" म्हटलं की गाव कुबडी आणि पांढरी काठी एवढंच दाखवते. दिव्यांगांच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्यात २१ प्रकार आहेत, त्यात ऑटिझम आहे, वाचण्या-लिहिण्यातल्या अडचणी आहेत, आणि आपल्या गडचिरोली-गोंदिया-मेळघाटाकडे ज्याचे पेशंट भरपूर आहेत तो सिकलसेल हा रक्ताचा आजारही आहे. सिकलसेलवाल्याला उन्हात ताटकळत ठेवलं, पाणी कमी पडलं, की दुखणं उठू शकतं, त्यामुळे मे महिन्यात भर दुपारी मीटिंग ठेवणाऱ्यांना माझा कोपरापासून नमस्कार.

सोयाबीनची सोंगणी किंवा कापसाची वेचणी चालू असताना जाऊ नका. मजुरी द्या, सोबत येणाऱ्याचीही, त्याच दिवशी, रोख. चहा-पोहे म्हणजे मजुरी नाही.

जागा म्हणून शाळेची खोली चालते. ऑटिझम असलेलं कोणी येणार असेल तर खोलीचा फोटो आणि काय काय होणार त्याची चित्रं आदल्या दिवशी घरी पाठवा, मग ऐनवेळी त्यात बदल करू नका, मधेच उठून बाहेर जायची मोकळीक ठेवा आणि "इकडं बघून बोल" हे तर अजिबात नको.

आता खरं अवघड काम. माझं गाडं इथंच खूप दिवस अडायचं. तुम्ही स्क्रीन दाखवता, विचारता "कसं वाटलं?", उत्तर येते "चांगलं आहे जी". प्रत्येक गावात हेच. पाहुणा नागपूरवरून गाडी करून आला, त्याच्या तोंडावर कोण वाईट बोलेल? त्यात तुम्ही विचारता पोराला आणि उत्तर देते त्याची आई, "त्याले जमते सगळं, हुशार आहे तो", आणि पोरगा गप्प.

म्हणून मत विचारूच नका. काम द्या आणि तोंड बंद ठेवा. "हिंगणघाटला आज कापसाचा भाव काय आहे, काढून सांगा", एवढंच. मग बघत बसा. हे दिसतं तेवढं सोपं नाही, कारण "वर, वर, उजवीकडं" असं तोंडात येतंच येतं, माझा तर सरळ नियम आहे की आपल्या टीममधला जो बोलेल तो बाहेर.

एका अंध पोराचं सांगतो. त्याचा टॉकबॅक (स्क्रीनवरचं बोलून दाखवणारी फोनमधली सोय) इतका फास्ट चालायचा की मला एक शब्द कळेना. आमच्या बाजारभावाच्या ॲपनं लॉगिनला ओटीपी मागितला, तो ऐकायला पोरगा मेसेजमध्ये गेला, परत येईपर्यंत ॲपचं पान पहिल्यापासून उघडलेलं, पुन्हा मोबाईल नंबर टाका. थोडा वेळ झटापट केली आणि मग त्यानं काही न बोलता फोन आईच्या हातात दिला, अगदी रोजच्या सवयीनं, तिनं ओटीपी टाकून दिला. विचारलं असतं तर दोघंही "जमते" म्हणाले असते, आणि खोटं नव्हतं ते, जमतच होतं, आईला. उद्या ॲपमध्ये पैशाचा व्यवहार आला की तोही असाच दुसऱ्याच्या हातात जाणार. मग त्यालाच विचारलं, तुमच्या मनानं हे कसं पाहिजे? तो म्हणे, "भावच तर पाहाचा आहे, ओटीपी काहून लागते?" आमच्यातल्या कोणाकडंच याचं उत्तर नव्हतं. लॉगिन काढून टाकलं.

घरच्यांना बाजूला न्या, पण हाकलू नका. दुसऱ्या खोलीत आपला एक माणूस त्यांच्याशी बोलायला ठेवा, त्यांच्या अडचणी वेगळ्या असतात आणि त्याही कामाच्या असतात. एकच अपवाद: शाळेत न गेलेल्या बहिऱ्या माणसाच्या खुणा बरेचदा घरच्याच असतात, वहिनीला किंवा बहिणीला कळतात, जिल्ह्यावरून आणलेल्या सांकेतिक भाषेच्या दुभाष्याला नाही कळत. तिथं वहिनीला बसवा, पण तो काय म्हणतो तेवढंच सांगा, तुम्हाला काय वाटतं ते नंतर, असं आधीच ठरवून घ्या. आणि ऐकू येत नाही म्हणजे लिहून दाखवलं की झालं, हा सल्ला देणाऱ्याचं ऐकू नका.

फोनवर ऐकायची सेवा बनवत असाल तर कोडिंगच्या आधी तुम्हीच मशीन बना. बाजूच्या खोलीतून कॉल लावा आणि बोला, "कापसासाठी एक दाबा". साध्या फोनवाला पाचच्या बटणावरचा उंचवटा चाचपून पटकन दाबतो. स्मार्टफोनवाला फोन कानापासून काढून आकडा शोधतो, टॉकबॅक वरून तुमच्या आवाजावर बोलत राहतो, तोवर तुम्ही तुरीवर पोचलेले असता. थांबून वाट पाहायची आणि "परत ऐका" ठेवायचं, हे तिथंच कळते.

कोडमधली कामं त्यामानानं सरळ आहेत. प्रत्येक बटणाला नाव, अक्षर आणि मागच्या रंगात किमान ४.५ ला १ चा फरक (कॉन्ट्रास्ट), बटणं मोठी आणि लांब लांब. करून टाका. साहेब खर्चाचं रडगाणं गाऊ लागले तर सांगा की ३० एप्रिल २०२५ ला सुप्रीम कोर्टानं डिजिटल सेवा वापरता येणं हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग धरला, आणि ती केस ई-केवायसीत पापण्या मिटून दाखवता न येणाऱ्या लोकांमुळेच उभी राहिली होती.

दुसऱ्या वेळी त्याच माणसांकडं जा, काय बदललं ते त्यांच्या हातात द्या, काय नाही बदललं ते कारणासकट सांगा. पुढं प्रत्येक अपडेटच्या आधी त्यांना व्हॉट्सॲपवर एपीके (नव्या ॲपची फाईल) पाठवा, कारण बटणाची जागा हलवली की जागा पाठ करून वापरणाऱ्याचं ॲप त्या दिवशी बंदच पडलं समजा. फोन करायचा तर संध्याकाळी सातनंतर, दिवसा वावरात रेंज नसते.